आधी प्रयोग पाहा



पारितोषिक विजेत्यांचे आणि पडद्यामागे राबलेल्या सर्वांचे मनापासून अभिनंदन. इथे नाटकवेडी मंडळी पुष्कळ आहेत, म्हणून आज एका नाटकाच्या दौऱ्याबद्दल बोलतो.

‘हेअर’ हे अमेरिकेतले रॉक संगीत नाटक. जेरोम रॅग्नी आणि जेम्स रॅडो या दोन नटांनी ते लिहिले, गॉल्ट मॅकडरमॉट यांनी संगीत दिले. १९६७ मध्ये न्यूयॉर्कच्या पब्लिक थिएटरमध्ये ते प्रथम झाले, पुढच्या वर्षी ब्रॉडवेवर आले आणि तिथे त्याचे १७५० प्रयोग झाले. व्हिएतनामच्या युद्धाला नकार देणारी तरुण पिढी त्यात मोकळेपणाने गात होती. लंडनमध्ये नाटकांवरची सेन्सॉरशिप कायद्याने उठली आणि दुसऱ्याच दिवशी, २७ सप्टेंबर १९६८ रोजी, ‘हेअर’चा पडदा वर गेला.

खरी कसोटी लागली ती दौऱ्यावर. टेनेसी राज्यातल्या चॅटानूगा शहरात नाट्यगृह एका सार्वजनिक मंडळाच्या ताब्यात होते. १९७१ मध्ये मंडळाने तारीख नाकारली. सभासदांपैकी कुणीही प्रयोग पाहिला नव्हता, संहिताही वाचली नव्हती. निर्णय झाला तो ऐकीव गोष्टींवर. आयोजक खालच्या न्यायालयांत हरले, तरी लढत राहिले. १९७५ मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने त्यांच्या बाजूने निकाल दिला. नाटक चांगले की वाईट, यात न्यायालय शिरलेच नाही. सार्वजनिक रंगमंच नाकारायचा असेल, तर नाकारणाऱ्याने तातडीने न्यायालयात जाऊन आपले कारण सिद्ध करावे, असे त्याने बजावले.

आपल्याकडेही ‘घाशीराम कोतवाल’ हे नाटक १९७२ च्या डिसेंबरात पुण्यात रंगमंचावर आले आणि १९ प्रयोगांनंतर थांबवले गेले. कलावंतांनी थिएटर अकॅडमी स्थापन केली, नाटक पुन्हा उभे केले आणि १९८० मध्ये ते युरोपात नेले.

मित्रांनो, वेगळे काही कराल तेव्हा नकार येणारच. अशा वेळी खचू नका. कारण लेखी मागा आणि नाकारणाऱ्याला आदराने तालमीला बोलवा. उद्या तुमच्यापैकी काहीजण अधिकाराच्या खुर्चीवर बसतील, नाट्यगृहाच्या तारखा त्यांच्या सहीने मिळतील. त्यांना माझे एकच मागणे आहे: प्रयोग पाहिल्याशिवाय नकारावर सही करू नका.