जगायला जायचं, पण कसं?

(दिवाळीच्या आधी झालेल्या तालुका शिबिरात एका कार्यकर्तीने केलेलं भाषण. ती बोलली तसंच लिहून काढलं आहे.)



मला सांगितलं होतं, तू वनहक्काच्या दाव्यांवर बोल. पण आज पाड्यापाड्यात वेगळंच बोलणं चाललंय. भात झोडून झालं की कोण कुठे जाणार? कोणी भिवंडीला, कोणी वसईला, कोणी वाड्याकडे वीटभट्टीवर. मुकादम पैसे घेऊन ओट्यावर येऊन बसलेत. म्हणून मी त्याच्यावरच बोलते. दावा आणि हे जाणं, दोन्ही एकच गोष्ट आहे, ते पुढे सांगते.

आपला शब्द बघा. जव्हार-मोखाड्यात आपण 'कामाला चाललो' असं म्हणत नाही, 'जगायला चाललो' म्हणतो. इथे वर्षभर जगणं होत नाही हे आपल्या तोंडातूनच निघतं. नागली, वरई, थोडं भात, उडीद. माझ्या घरी ते होळीपर्यंत पुरतं. नंतर विकत. मग पैसा लागतो. त्यामुळे 'गाव सोडू नका' असं भाषण मी करणार नाही. ते पोट भरलेल्याने करावं.

मी दुसरीत होते तेव्हा आमचं अख्खं घर भट्टीवर गेलं होतं. आत्याच्या लग्नाला बाबाने उचल घेतली होती. आई-बाबा पहाटे 3 वाजता उठून विटा पाडायचे, मी लहान भावाला सांभाळायची. आठवड्याला खर्ची मिळायची, तिच्यात तेल-मीठ-पीठ. पावसाच्या तोंडावर हिशोब झाला. शेठने वही वाचली. आमच्यात कोणाला वाचता येत नव्हतं. 6 महिने घाम गाळून आमच्याच अंगावर पैसे निघाले! पुढच्या वर्षी परत तिथेच. त्यानंतर मला आश्रमशाळेत टाकलं म्हणून मी बारावीपर्यंत आले, नाहीतर आज मीही कुठेतरी विटाच पाडत असते.

आपल्या आज्या-पणज्यांना लग्नासाठी कर्ज घेऊन सावकाराकडे राबावं लागायचं. लग्नगडी म्हणायचे. 1945 साली तलासरीकडच्या झरी गावात वारली माणसं जमली, गोदावरी परुळेकर बरोबर होत्या, आणि वेठ करणार नाही म्हणून उभी राहिली. 1976 ला वेठबिगारीच्या विरोधात कायदाही झाला. तरी आज आपण लग्नासाठी उचल घेतो आणि 6 महिने अंगठ्याने बांधले जातो. नाव बदललं, दोरी तीच आहे.

आता यंदाची गोष्ट. माझा मोठा भाऊ बोईसरला कंपनीत ठेकेदाराकडे लागतोय. हे भट्टीसारखं 6 महिन्यांचं नाही. तो म्हणाला, मी बायको-पोरं घेऊन तिकडेच खोली करतो, आता कायमचं. घरात 4 रात्री बोलणं चाललं. मी वही घेऊन बसले.

 महिन्याचे 26 दिवस रोज धरला. त्यातून खोलीचं भाडं. लाईट-पाण्याचे. धान्य, तेल. जाण्यायेण्याचे. राहिले थोडे. 4 दिवस ताप आला तर तेवढा रोज कापला जाणार. मग राहिले अगदीच थोडे. त्यात डॉक्टर, पोरांचे कपडे, सणाला गावी यायचं भाडं. आणि खोलीचं डिपॉझिट आधीच भरायचं, ते कुठून? ठेकेदार म्हणतो, मी देतो, नंतर कापून घेईन. म्हणजे परत उचलच ना!

मला वाटलं, हिशोब दाखवला, आता दादा ऐकेल. पण वहिनी बोलली. ती कधी बोलत नाही. म्हणाली, "तू मिटिंगला जातेस. पाणी मी आणते. मार्चपासून नदीत झरा खणून बसायचं, एक हंडा भरायला घटका जाते. तिथे नळ आहे, पोराला दवाखाना जवळ आहे. हे तुझ्या वहीत कुठे लिहिलंय?"

मी गप्प झाले. माझ्या वहीत ते खरंच नव्हतं. आपण संघटनेत जमीन-जमीन म्हणतो, पण त्या जमिनीवर राहायला पाणी कोण आणतं, हे विचारत नाही. वहिनीचं म्हणणं मी खोटं पाडू शकले नाही, आजही पाडत नाही.

मग आम्ही दुसऱ्या बाजूने विचार केला. आता गेलो तर काय सुटतं?

वनहक्काचा कायदा 2006 साली झाला, नियम 1 जानेवारी 2008 ला आले.  13 डिसेंबर 2005 च्या आधीपासून जो आदिवासी वनजमीन कसतो, त्याला कसतो तेवढी, 4 हेक्टरपर्यंत, मिळू शकते. आमचा प्लॉट आज्याने काढलेला. फॉरेस्टच्या दंडाच्या पावत्या आजीने पत्र्याच्या डब्यात जपून ठेवल्या. तेव्हा दंड भरताना ती रडली होती, आज तोच पुरावा झालाय. दावा टाकला आहे, पण जागेवर पाहणी व्हायची आहे. वनहक्क समिती येणार, फॉरेस्टवाले येणार, शेताची हद्द दाखवायची. घराला कुलूप असलं तर हद्द कोण दाखवणार? बांधापलीकडचा दाखवेल, नाहीतर गार्ड दाखवेल.

एक नीट ऐका. पोटासाठी बाहेर गेला म्हणून हक्क गेला असं कायद्यात लिहिलेलं नाही. कोणी तसं सांगून घाबरवलं तर ऐकू नका. पण कायदा विचारतो की तू इथे राहतोस का, या जमिनीवर तुझं पोट आहे का. अख्खं घरच कायमचं उठून गेलं, तर हे उत्तर द्यायला कोण उरतं?

आणि ही एका घराची गोष्ट नाही. दावे मंजूर करायला जी ग्रामसभा लागते, तिला गावच्या सभासदांपैकी निम्मी तरी माणसं हजर पाहिजेत. अर्ध्याहून जास्त गाव भट्टीवर असेल तर सभाच होत नाही. म्हणजे जो गेला त्याचा दावा अडला, आणि जो राहिला त्याचाही अडला. कोणी हाकलायची गरज नाही, आपणच मुकादमाच्या ट्रकमध्ये बसून गाव मोकळं करतो.

आमच्या घरी शेवटी असं ठरलं. दादा एकटा जाईल, ठेकेदाराचा एक रुपया आधी न घेता. ओळखीच्या पोरांबरोबर खोलीत राहील. पाहणी आणि ग्रामसभा होईपर्यंत वहिनी इथे. जमिनीचा पट्टा नवरा-बायको दोघांच्या नावावर होतो, म्हणून पाहणीला तीच उभी राहील. पट्टा हातात आला की बोईसरला जायचं की नाही ते वहिनी ठरवेल. पट्टा विकता येत नाही, पण पोरांना वारसाने मिळतो. मागे जमीन असलेला माणूस शहरात गेला तर ठेकेदाराला 'नाही' म्हणू शकतो. हातात काहीच नसेल त्याला ते जमत नाही. आणि पाण्यासाठी विहिरीची मागणी आम्ही ग्रामसभेत घालणार, तो अर्ज मी वहिनीकडूनच सांगून घेतला.

तुमच्या घरी वेगळं ठरेल, ठरू द्या. पण ठरवा. मुकादमाला ठरवू देऊ नका. जाण्याआधी एवढं करा:

रोजगार हमीचं काम लेखी मागा आणि पोच घ्या. 15 दिवसांत काम नाही दिलं तर बेकारभत्ता मागता येतो. तोंडी मागितलेलं काम कागदावर येत नाही.

उचल घेऊ नका. घ्यावीच लागली तर पोरांच्या वहीत तारीख, रक्कम, मुकादमाचं नाव लिहून ठेवा. भट्टीवर रोजच्या विटाही त्यातच लिहा.

दाव्याची पोच, दंडाच्या पावत्या घरी विश्वासाच्या माणसाकडे ठेवा, भट्टीवर नेऊ नका.

घरटी एक तरी मोठं माणूस पाड्यात राहील असं पाड्याने बसून ठरवा. ज्याच्या घरी कोणीच राहू शकत नाही त्याची हद्द शेजाऱ्याने आत्ताच बघून ठेवा. ग्रामसभेची तारीख जाणाऱ्याला माहीत पाहिजे, त्या दिवशी त्याने एसटी पकडून यायचं.

आणि शाळेत जाणारं पोर नेऊ नका. मी त्या वीटभट्टीवर होते म्हणून सांगते.

मुकादम उद्या परत येईल. त्याला सांगा, आमचं घरात बोलणं व्हायचंय.

जिंदाबाद!