मिशनऱ्याला घाई का होती?



ख्रिस्ती मिशनऱ्याविषयी वऱ्हाडात साधारणपणे दोन प्रकारे बोलले जाते. एक तर तो परक्या सत्तेचा हस्तक ठरतो, नाही तर करुणेची मूर्ती. या दोन्ही चित्रांत त्याची घाई सुटून जाते. अमेरिकेतले घरदार सोडून अकोल्याच्या वैशाखात येऊन राहणाऱ्या माणसाला उद्यापर्यंत थांबवत का नाही, हे उमगल्याखेरीज त्याच्या कामाचे मोलही करता येत नाही आणि त्याला उत्तरही देता येत नाही.

अकोल्यात ज्या मिशनने मूळ धरले, त्याचे नाव ‘ख्रिश्चन अँड मिशनरी अलायन्स’. तिचे संस्थापक अल्बर्ट सिम्प्सन (1843-1919) हे न्यूयॉर्कमधील धर्मोपदेशक. मत्तयाच्या शुभवर्तमानातील चोविसाव्या अध्यायात असे भाकीत आहे की, हा संदेश सर्व राष्ट्रांना ऐकवला गेल्यावर युगाचा शेवट होईल. सिम्प्सन यांनी त्याचा अर्थ शब्दशः घेतला. येशूचे पुनरागमन भक्तांच्या कामासाठी खोळंबले आहे, ही त्यांची धारणा होती. म्हणजे बाळापूरकडचे एखादे खेडे संदेशावाचून राहिले, तर जगाच्या राजाचे आगमन तेवढे लांबले! त्यात जन्म एकच, आणि मरणानंतर सुधारणेस वाव नाही. अशी श्रद्धा असलेल्याला शेजारी बुडताना दिसतो. बुडणाऱ्याला ‘तुला पोहता येते का?’ असे विचारीत कोणी काठावर उभा राहत नाही. ही श्रद्धा पटो वा न पटो, तिच्यातील तळमळ खोटी नाही.

हिंदूंची कालकल्पना याहून अगदी निराळी. चौऱ्यायशी लक्ष योनी, चार युगे, ज्याला त्याला त्याच्या अधिकाराप्रमाणे मार्ग. येथे कोणाची गाडी चुकत नाही. या कल्पनेतूनच परधर्मीयाला सामावून घेणारे औदार्य आले. परंतु त्या औदार्याच्या सावलीत आळसही सुखाने निजला, हे मान्य केले पाहिजे. दाराशी मरणाऱ्याचेही प्रारब्ध आहे, असे म्हणून दार लोटून घेता येते.

1896-97 आणि पाठोपाठ 1899-1900 च्या दुष्काळांत वऱ्हाडाला याची किंमत मोजावी लागली. काळ्या कसदार जमिनीचा, कापसाने संपन्न झालेला हा प्रांत. पण पाऊस हटला, ज्वारी गेली आणि मजुरांच्या घरची चूल प्रथम विझली. आईबाप गेलेली मुले रस्त्यावर आली. त्या मुलांना उचलणाऱ्यांत मिशनरी आघाडीवर होते. अनाथाश्रमांत त्यांना भाकरी, अक्षरओळख आणि हाताला उद्योग मिळाला, आणि बाप्तिस्माही मिळाला.

येथे स्पष्ट बोलले पाहिजे. भुकेल्या पोराने घेतलेला धर्म ही त्याची निवड नव्हे. निवड करायला पोट भरलेले आणि वय वाढलेले असावे लागते. पण जो समाज हा आक्षेप घेतो, त्याने त्या पोराला कोणत्या घरी नेऊन ठेवले होते, हेही विचारले गेले पाहिजे. अकोल्याच्या कामाशी निगडित असलेल्या जेनी फुलर यांचे ‘द राँग्स ऑफ इंडियन वुमनहुड’ 1900 साली प्रसिद्ध झाले, पंडिता रमाबाईंच्या प्रस्तावनेसह. बालविवाह आणि विधवांचे हाल हा त्याचा विषय. परक्या नजरेतला एकांगीपणा त्यात दाखवता येईल. ज्या दुःखांची ती नोंद आहे, ती दुःखे खोटी होती असे म्हणता येणार नाही.

मेळघाटाचे उदाहरण अधिक बोचणारे आहे. कोरकूंमध्ये काम करणारे मिशनरी जॉन ड्रेक यांनी कोरकू भाषेचे व्याकरण लिहिले. ते 1903 साली छापून निघाले. हेतू धर्मप्रसाराचाच होता. तरीही अचलपूरच्या बाजारात पिढ्यान्‌पिढ्या कोरकूंशी देवघेव करणाऱ्या शिकल्यासवरल्या वऱ्हाडी मंडळींना हे काम सुचले नव्हते.

पुढे स्वतंत्र भारतात मध्य प्रदेश सरकारने 1954 साली नियोगी समिती नेमली. वऱ्हाड तेव्हा त्याच राज्यात होते. नागपूर उच्च न्यायालयाचे निवृत्त मुख्य न्यायाधीश भवानीशंकर नियोगी अध्यक्ष, आणि सदस्यांत एस. के. जॉर्ज हे ख्रिस्ती गृहस्थही होते. ज्यांचा मुख्य हेतू धर्मांतर हाच आहे अशा परदेशी मिशनऱ्यांनी परत जावे, ही 1956 च्या अहवालातील शिफारस. 1977 साली सर्वोच्च न्यायालयाने प्रचाराचा हक्क म्हणजे दुसऱ्याचे धर्मांतर करण्याचा हक्क नव्हे, असा निर्वाळा दिला. कायद्याची रेषा त्यामुळे ठळक झाली. कायद्याने दार बंद करता येते. घरातली उपासमार मात्र तशीच राहते.

घाईचा प्रश्न ख्रिस्ती समाजातही विचारला गेला. नारायण वामन टिळकांनी 1895 साली बाप्तिस्मा घेतला. संदेश देण्याची तळमळ त्यांनाही होतीच. पण 1917 साली मिशनची पगारी चाकरी सोडून त्यांनी ‘देवाचा दरबार’ मांडला. मराठी माणसाला ख्रिस्त सांगायचा तर अभंगातून आणि संन्याशाच्या वेषात, हा त्यांचा आग्रह होता. परदेशातून येणाऱ्या पैशाच्या आणि आकड्यांच्या घाईला त्यांनी दिलेले हे घरातले उत्तर होय.

दुसरे उत्तर वऱ्हाडच्या मातीतून आले. 1899 चा पाऊस हटला तेव्हा मूर्तिजापूर तालुक्यातील दापुरे गावी मामाच्या शेतात डेबूजी जानोरकर हा विशीतला तरुण राबत होता. 1905 साली त्याने घर सोडले. गाडगेबाबांनाही उद्याची वाट पाहवत नसे. गावात शिरताच हाती खराटा, रात्री कीर्तन, पहाटे पुढचे गाव. परंतु त्यांच्या सदावर्तात जेवणाऱ्याला देव बदलावा लागला नाही. जातसुद्धा विचारली गेली नाही.

1993 साली मेळघाटातील बालमृत्यूंच्या बातम्यांनी देश हादरला. धारणी-चिखलदऱ्याच्या पाड्यांवर पावसाळ्याआधीचे महिने आजही कठीण जातात. तेथे सेवेला जाणाऱ्या कार्यकर्त्याने धर्मांतराचे आकडे विचारण्याआधी कोरकू शिकावी. ड्रेक यांचे व्याकरण जुने झाले आहे, पण आरंभाला पुरेल.