इच्छा आणि लगाम

रात्री दोनला मोबाइल बाजूला ठेवायचा, हे शंभरदा ठरवून झालेलं असतं. तरीही अश्लील व्हिडिओंवरून अंगठा सरकत राहतो. सकाळी कामावर डुलक्या, घरात खोटं बोलणं.

जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२२ पासून लागू झालेल्या आजारांच्या वर्गीकरणात अशा ताबा सुटलेल्या लैंगिक वागण्याला स्वतंत्र जागा आहे, आवेगावर ताबा न राहण्याच्या विकारांमध्ये. इथे कामेच्छा किती, हे मोजत नाहीत. सहा महिने किंवा अधिक काळ आवर न घालता येणं, तब्येत-नोकरी-नात्यांची हेळसांड, नुकसान दिसूनही न थांबणं, इतकंच काय, सुख उरलेलं नसतानाही तेच करणं, ही लक्षणं. ‘आपण पाप करतोय’ एवढ्याच अपराधभावावरून मात्र निदान होत नाही.

हा फक्त पुरुषांचा प्रश्न? २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकी पाहणीत लैंगिक आवेग आवरता न आल्याचा त्रास १०.३ टक्के पुरुषांनी सांगितला आणि ७ टक्के स्त्रियांनीही!

कधी मूळ औषधात सापडतं. पार्किन्सन्सवरच्या प्रॅमिपेक्सोलसारख्या गोळ्यांनी एखाद्या सत्तरीतल्या आजोबांचं वागणं एकाएकी बदलू शकतं. घरचे हबकतात, बोल लावतात. दोष गोळीचा असतो. ती परस्पर बंद न करता डॉक्टरांना सांगावं, मात्रा बदलता येते.

मदत हवी असेल तर टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा क्रमांक दिवसरात्र मोफत आहे. तिथे मराठीतूनही बोलता येतं.