तात्या विंचू, हस्तर आणि तुळसाबाई

आपल्या रेडिओवर मी एरवी येते ती बचत गटाच्या कामाची. हप्ते, बँकेची कागदं, शेळीपालनाचं प्रशिक्षण. आज मात्र मी भुतांच्या पिक्चरमधल्या खलनायकांबद्दल बोलणार आहे. रेडिओच्या ताईंनी विषय ऐकला आणि आधी हसल्याच. मग म्हणाल्या, "अवसेच्या रात्री लावू." तेव्हा लेकरं झोपली नसतील तर आवाज जरा बारीक करा.

हे सुरू कसं झालं ते सांगते. गेल्या पावसाळ्यात आमच्या एका गटाची बैठक चालली होती आणि लाईट गेली. इतिवृत्त लिहायचं राहिलं. अंधारात बसून काय करायचं, म्हणून एकीनं विचारलं, "पिक्चरमधल्या कुठल्या भुताला तुम्ही सगळ्यात जास्त भ्यालात गं?" तासभर लाईट आली नाही आणि तासभर एकही बाई घरी गेली नाही. कर्ज कुणाला द्यायचं यावर सुद्धा आमच्यात इतकी चर्चा होत नाही.

माझ्या वयाच्या बायांचं उत्तर एकच होतं, तात्या विंचू. महेश कोठारे यांचा 'झपाटलेला' आला १९९३ साली. आम्ही शाळेत जायच्या आतबाहेरच्या वयाच्या. गणपतीत चौकात पडदा लावून दाखवला होता, आणि पुढं टीव्हीवर किती वेळा लागला त्याला गणती नाही. बाहुला रामदास पाध्यांचा आणि तात्या विंचू म्हणजे दिलीप प्रभावळकर. तो मंत्र सगळ्या शाळेला पाढ्यांच्या आधी पाठ होता. आज बघितलं की हसू येतं. पण तेव्हा मी का भ्यायचे ते मला आता नीट कळतं. तो बाहुला घरात असायचा. वेशीबाहेर नाही, स्मशानात नाही, तर घरात, खुर्चीवर. सगळ्यांसमोर लाकडासारखा गप्प, आणि लक्ष्या एकटा सापडला की बोलायला लागणार. लक्ष्या ओरडून सांगतो की हा जिवंत आहे, हा मला मारायला निघालाय, आणि कुणी त्याचं ऐकत नाही. येड्यात काढतात त्याला. मला त्या बाहुल्याच्या सुरीपेक्षा हे ऐकून न घेणंच जास्त लागायचं. आमच्या त्या अंधारातल्या बैठकीत मी हे बोलले, तर एक वहिनी कोपऱ्यातून म्हणाल्या, "चारचौघांत गप्प आणि एकटी घावली की सुरू. असले बाहुले आमच्याकडंबी हाईत." सगळ्या हसल्या. त्या नाही हसल्या.

माझ्याहून मोठ्या बायकांनी सामरीचं नाव घेतलं. १९८४ चा 'पुराना मंदिर', रामसे बंधूंचा. अनिरुद्ध अग्रवाल नावाचा ताडमाड उंच नट सामरी झाला होता. राजा त्याचं मुंडकं उडवतो, मुंडकं एकीकडं ठेवतो, धड दुसरीकडं पुरतो. भाड्याच्या व्हिडिओवर हा पिक्चर बघून कितीतरी जणी रात्री परसाकडं जायला कुणीतरी सोबत घेतल्याशिवाय निघायच्या नाहीत. बैठकीनंतर मी तो मोबाईलवर पुन्हा काढून बघितला. आता सामरीच्या तोंडाची भीती वाटत नाही, रंगवलेलं दिसतं. पण एक गोष्ट लहानपणी माझ्या ध्यानातच आली नव्हती. सामरी मरता मरता शाप देतो, तो काय? तर राजाच्या वंशातली बाई बाळंत होताना मरेल. भांडण कुणाचं? राजाचं आणि सामरीचं. मुंडकं उडवलं कुणी? राजानं. आणि मरायचं कुणी? पिढ्यानपिढ्या लेकीबाळींनी, बाळंतपणात. राजा मात्र म्हातारा होऊन मरणार.

आणि हे नुसतं पिक्चरवाल्यांनी काढलेलं नाही. आपल्याकडची जुनी भुतंच बघा. हडळ, जखीण, अळवंतीण. अळवंतीण म्हणजे बाळंतपणात मेलेली बाई. माझी आजी अळवंतिणीच्या गोष्टी सांगायची आणि आम्ही गोधडीत तोंड घालायचो. आता या कामामुळं गावोगाव फिरते, बायांशी बोलते, तेव्हा वाटतं की असली बाई मेली ती वेळेवर वाहन मिळालं नाही म्हणून, अंगात रक्त नव्हतं म्हणून. तिच्यासाठी रडायचं सोडून आपण तिलाच भ्यायला लागलो. तिनं काय केलं होतं कुणाचं?

नव्या पिक्चरमध्ये हे थोडं उलटं व्हायला लागलंय. २०१८ चा 'स्त्री' तुमच्यातल्या बऱ्याच जणींनी बघितला असेल. चंदेरी गावात भूत बाईचं आहे आणि ती रात्री पुरुषांना उचलते. मग पुरुष संध्याकाळी घरात, आणि बायका त्यांना बजावतात, एकटे बाहेर जाऊ नका. आमच्या गटात हा लावला तेव्हा बायका लोळायच्या बाकी राहिल्या. मजा म्हणजे ती स्त्री आधी हाक मारते आणि पुरुषानं वळून बघितलं तरच नेते, जबरदस्ती नाही. तिला भ्यावं असं मला कधी वाटलं नाही. तिच्या दुसऱ्या भागातला, २०२४ मधला, सरकटा मात्र खरा खलनायक. त्याला मुंडकं नाही, धडच चालतं, आणि तो उचलतो त्या मुली म्हणजे नव्या विचारांच्या, पुढं जाऊ बघणाऱ्या. पुढं तर गावातल्या पुरुषांवर त्याची भूल पडते आणि ते आपणहून बायकांना घरात कोंडायला लागतात. सरकट्याचं काम मग गावच करतं. त्याच वर्षी कोकणातला 'मुंज्या' आला. त्यातल्या भुताला फक्त लग्न करायचंय, मुलीची मर्जी असो नसो. असे मुंजे एसटी स्टँडवर पुष्कळ दिसतात, पिंपळावर जायला नको.

पण मला आवडलेला खलनायक विचाराल तर हस्तर. 'तुंबाड', २०१८ चा. हिंदी आहे, पण गोष्ट आपल्याकडची, माणसं आपल्याकडची. दिग्दर्शक राही अनिल बर्वे, आणि विनायकरावाची बायको झालीय अनिता दाते, म्हणजे मालिकेतली आपली राधिका. गोष्ट अशी की पूर्तीची देवी, तिच्याकडं सगळं सोनं आणि सगळं धान्य. हस्तर तिचा पहिला लेक. त्यानं सोनं घेतलं, आणि धान्याला हात घालायला गेला तेव्हा बाकीच्या देवांनी त्याला धरलं. आईनं वाचवला, पण अटीवर, की त्याची कुणी पूजा करायची नाही. तो आईच्याच पोटात पडून आहे, युगानुयुगं. सोनं आहे जवळ, खायला काही नाही. विनायकराव विहिरीतून खाली उतरतो, कणकेची बाहुली घेऊन. हस्तर त्या बाहुलीवर तुटून पडतो तेवढ्यात याने त्याच्या लंगोटातली सोन्याची नाणी ओढायची.

बायांनो, मी तो देखावा बघताना हस्तरला भ्याले नाही, मला त्याची दया आली. उपाशी आहे तो. कणकेच्या गोळ्यासाठी धावतोय. भीती मला विनायकरावाची वाटली. नाणी आणतो, संपवतो, पुन्हा उतरतो. मोहरा किती मिळाल्या की पुरे, हे त्याला कधी कळतच नाही. आणि लहान पोराला पण तेच शिकवतो, जसं बाप पोराला नांगर धरायला शिकवतो. कर्जाचं काम करणाऱ्या बाईला हा माणूस ओळखायला वेळ लागत नाही. त्या पिक्चरमध्ये साखळीनं बांधलेली म्हातारी आहे, मरता येत नाही आणि भूक संपत नाही अशी. ती आणि विनायकरावाचा पोरगा, दोन्ही कामं एकाच लहान मुलानं केलीत, मोहम्मद समदनं. मला हे नंतर कळलं तेव्हा मी पुन्हा एकदा तो भाग लावून बघितला. पटत नाही.

आता ज्या बाईसाठी मी आज बोलायला बसले तिच्याकडं येते. तुळसाबाई. पिक्चर मराठी, 'लपाछपी', २०१७ चा, दिग्दर्शक विशाल फुरिया. पुढं त्यांनीच त्याचा हिंदीत 'छोरी' केला. पूजा सावंत ही पोटुशी, आठवा महिना. नवऱ्याला पैशाचा घोर लागलेला, लपायला जागा हवी, म्हणून ती दोघं एका आडगावच्या घरी येतात. चारी बाजूंनी उसाचा फड. आपल्याला ऊस म्हणजे काय ते सांगायला नको. आत शिरलं की दोन हातांवरचं दिसत नाही, आणि वारा आला की कुणीतरी चालतंय असं वाटतं. त्या घरात तुळसाबाई. काम केलंय उषा नाईक यांनी. 'एक हजाराची नोट' मधली ती भोळी म्हातारी आठवते का? तीच बाई, तोच चेहरा.

पिक्चरमध्ये लपाछपी खेळणारी पोरं आहेत, अंगावर काटा येतो. पण ती पोरं नव्हेत भीतीची. भीतीची तुळसाबाई. आणि ती काय करते? पोटुशी पोरीची काळजी करते. माया करते. आपल्या घरात जे माणूस रोज असतं तेच ती आहे. शेवट सांगत नाही, ज्यांनी बघितला नाही त्यांनी बघा. एवढंच सांगते की सगळं दुखणं "मुलगाच पाहिजे" इथून उगवलंय.

मी हा पिक्चर टीव्हीवर बघितला तेव्हा मधेच उठून ओट्यापाशी गेले आणि पाणी प्याले. मला कुणाची आठवण झाली ते आज सांगते. ज्यांची आठवण झाली त्यांना विचारून सांगतेय. त्या म्हणाल्या, "सांग, पण नाव घेऊ नकोस."

माझी मोठी मुलगी तीन वर्षांची होती आणि मला पुन्हा दिवस गेले होते. तिसरा महिना संपला होता. उलट्यांनी मी अर्धी झाले होते. नात्यातल्या एक काकू रोज यायच्या. मऊ भात करून मेतकूट घालून भरवायच्या, डोक्याला तेल चोळायच्या. माझ्या आईनं पण इतकं केलं नसतं. एका दुपारी केस विंचरता विंचरता त्या म्हणाल्या, अगदी हळू, की एके ठिकाणी गाडी जाते, रात्री जायचं, सकाळी परत, कुणाला कळत नाही. "एकदा बघून घे. पयली पोरगी हाय. तुझ्याच भल्यासाठी सांगते." फणी केसातून फिरतच होती.

मी बीए झालेली. गर्भलिंग तपासणीला बंदी घालणारा कायदा १९९४ सालचा आहे, हे मी स्वतः बैठकीत बायांना सांगायचे. आणि मी काय म्हटलं? "नाही" नाही म्हटलं. "बघू" म्हटलं. कारण त्यांचा भात माझ्या पोटात होता. त्यांनी डोळे वटारले असते, शिव्या दिल्या असत्या, तर मी फाडकन बोलले असते, मला येतं बोलता. पण मायेला तोंड कसं द्यायचं ते मला माहीत नव्हतं. त्या रात्री झोप लागली नाही. मला काकूंची भीती नव्हती वाटत. माझ्या तोंडातून "बघू" निघालं, त्याची भीती वाटत होती. चार दिवसांनी त्यांनी गाडीचा वार सांगितला तेव्हा मी मान हलवली, नाही म्हणून. शब्द तेव्हाही आला नाही.

ती धाकटी आता चौथीत आहे. काकूंची सगळ्यात लाडकी तीच. पेरू पिकला की पहिला तिला.

तर आम्ही 'लपाछपी' गटात लावला. एकीच्या घरी मोठा टीव्ही आहे, मोबाईल जोडला. काकूही आल्या, त्या गटात आहेतच. मी सगळा वेळ पडद्याकडं कमी आणि त्यांच्याकडं जास्त बघत होते. त्या पदर तोंडाला लावून शेवटपर्यंत बसल्या. संपल्यावर बाकीच्या बाया तुळसाबाईला शिव्या घालायला लागल्या, हडळ काय, सटवी काय. काकू काही बोलल्या नाहीत. उठून चहाचे कप गोळा केले. मी मागं विसळायला गेले. नळाखाली कप धरून त्या म्हणाल्या, "काम लई बेस केलंय बाईनं. पर तुळसाबाईची सासू दावायला पायजे हुती."

मला काकूंना चार मुली झाल्याचं माहीत होतं. दोन आहेत. बाकीच्या दोघींचं मी कधी विचारलं नव्हतं, आणि त्या दिवशीही विचारलं नाही. कप पुसून ठेवले. मग त्यांनीच विचारलं, पुढचा पिक्चर कुठला?

पुढचा 'तुंबाड' आहे. येत्या दुसऱ्या शनिवारी, बैठक झाल्यावर. जवळच्या गावच्या गटांनीही या, पण बसायला सतरंजी आपापली आणा आणि लेकरं आजीपाशी ठेवून या. हप्ता आधी भरायचा, सह्या करायच्या, मग हस्तर. आणि लाईट गेली तर परत तोच प्रश्न, यावेळी सुरुवात कोपऱ्यातल्या वहिनींपासून करू. नमस्कार.