मदत पोहोचेपर्यंत

(वसंत व्याख्यानमालेतील व्याख्यान)



आपत्ती व्यवस्थापन म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढे हेलिकॉप्टर येतं, नारिंगी गणवेशातले जवान येतात, धान्याच्या पोत्यांनी भरलेला ट्रक येतो. आज मी ज्या बेटांबद्दल बोलणार आहे, तिथे यातलं काहीच वेळेवर पोहोचत नाही. प्रशांत महासागरातल्या या बेटांवर वादळ आज येतं आणि मदत आठवड्याने. तो मधला आठवडा माणसं कशी काढतात, हा आजचा विषय.

टिकोपियापासून सुरुवात करू. सॉलोमन बेटे या देशाच्या अगदी पूर्वेचं हे बेट. क्षेत्रफळ जेमतेम पाच चौरस किलोमीटर, वस्ती हजार-दीड हजार आणि राजधानी होनियारा सुमारे हजार किलोमीटर दूर. डिसेंबर २००२ च्या अखेरीस ‘झोई’ हे पाचव्या, म्हणजे सर्वोच्च श्रेणीचं चक्रीवादळ या बेटावर आदळलं. घरं गेली, बागा गेल्या, समुद्र आत घुसून गोड्या पाण्याच्या तळ्यात मिसळला. संपर्क तुटला. विमानातून पाहणाऱ्यांना उघडेबोडके डोंगर दिसले आणि जगाने मनातल्या मनात शेकडो बळी धरले. होनियारातल्या सरकारची तिजोरी तेव्हा रिकामी होती; बोट निघायलाच दिवस गेले. तिच्याआधी न्यूझीलंडचा एक छायाचित्रकार हेलिकॉप्टरने उतरला, तर माणसं चालत त्याला भेटायला आली. टिकोपियावर एकही जीव गेला नव्हता. शेजारच्या इवल्याशा अनुता बेटावरही नाही.

याला चमत्कार म्हणून सोडून देऊ नका. वारा चढू लागला तसे लोक डोंगरकपारींत, मोठ्या खडकांच्या आडोशाला गेले. कुठे जायचं, हे ठाऊक असलेली वडीलधारी माणसं बेटावर होती. आणि खायला होती ‘मासी’. आपल्या कोकणात ज्याला नीरफणस म्हणतात, त्याचा गर तिथे पानांनी मढवलेल्या खड्ड्यात पुरून आंबवतात. तो वर्षानुवर्षं टिकतो. वारा झाडावरचं फळ पाडेल, पण जमिनीखालचं कसं नेणार?

तरीही परंपरेचा गौरव करून थांबता येत नाही, कारण याच बेटाचा जुना अनुभव वेगळं सांगतो. मानववंशशास्त्रज्ञ रेमंड फर्थ १९२८-२९ मध्ये टिकोपियावर राहिले होते. १९५२ मध्ये ते परतले, तेव्हा नुकतंच वादळ होऊन गेलं होतं. मार्च १९५३ मध्ये दुसरं आलं. साठे संपले, उपासमार झाली, अन्नाच्या चोऱ्या होऊ लागल्या. समाज मोडला नाही, कारण चार ‘अरिकी’, म्हणजे चार कुळांचे प्रमुख, आणि त्यांचे हस्तक सभा घेत राहिले, लागवडीचा आग्रह धरत राहिले, चोऱ्यांना आवर घालत राहिले. आणि सरकारकडून तांदूळ आला. दोन्ही गोष्टी लागल्या. खड्ड्यातलं अन्न काही आठवडे निभावतं. लागोपाठची दोन वर्षं निभावत नाही.

आता ज्ञानाकडे वळू, कारण इथे एक मोठा गैरसमज आहे. बेटावरच्या माणसाला समुद्र रक्तातूनच कळतो, असं आपण समजतो. २ एप्रिल २००७ च्या सकाळी सॉलोमनच्या पश्चिम भागात ८.१ तीव्रतेचा भूकंप झाला आणि काही मिनिटांत त्सुनामीच्या लाटा आल्या. सरकारी इशारा पोहोचायला वेळच नव्हता. मूळ रहिवाशांच्या गावांतले लोक समुद्र मागे हटताना पाहून टेकडीकडे पळाले. त्या दिवशी एकूण ५२ माणसं गेली. गिझो बेटावर गिल्बर्ट बेटांहून, म्हणजे आजच्या किरिबातीहून, आणून वसवलेल्या लोकांचीही गावं होती. ब्रिटिशांनी त्यांना विसाव्या शतकाच्या मध्यात तिथे आणलं होतं. त्यांच्या मायभूमीत प्रवाळांची सपाट बेटं. पळायला टेकडी नाही आणि असल्या भूकंपाची आठवणही नाही. उघड्या पडलेल्या समुद्रतळाकडे त्यांची मुलं कुतूहलाने गेली. मृतांमध्ये या वस्त्यांचा वाटा त्यांच्या संख्येच्या मानाने फार मोठा होता. समुद्र एकच, किनारा एकच. पण एका गावाला आठवण होती आणि दुसऱ्याला कोणी सांगितलं नव्हतं.

सांगता मात्र येतं, आणि फार खर्चही लागत नाही. जुलै १९९८ मध्ये पापुआ न्यू गिनीत त्सुनामीने दोन हजारांहून अधिक बळी घेतले. त्यावरची चित्रफीत व्हानुआतूच्या पेंटेकॉस्ट बेटावरच्या एका खेड्यात दाखवली गेली होती. नोव्हेंबर १९९९ मध्ये रात्री जमीन हादरली. खेड्यातल्या लोकांना ती चित्रफीत आठवली आणि ते चढावर धावले. खेडं वाहून गेलं. माणसं मात्र मोजकीच गेली. पिढ्यांनी जपलेलं शहाणपण आणि पडद्यावर पाहिलेला धडा, संकटाच्या क्षणी दोन्ही सारखेच उपयोगी पडतात. अट एकच, तो धडा त्या माणसाच्या भाषेत त्याच्या गावापर्यंत यायला हवा.

व्हानुआतूने हे नीट ओळखलं आहे. तिथे चक्रीवादळाचा मार्ग टिपायचा चौकटींचा नकाशा लोकांजवळ असतो. रेडिओवर बिस्लामा भाषेत अक्षर आणि आकडा सांगतात, आणि माणूस वादळ कोणत्या चौकटीत आहे ते आपल्या हाताने मांडतो. निळा, पिवळा, लाल असे इशारे असतात. १३ मार्च २०१५ ला ‘पाम’ हे चक्रीवादळ आलं, ताशी २५० किलोमीटरच्या वाऱ्यासह. पावणेतीन लाखांच्या देशात निम्म्याहून अधिक लोकांना झळ बसली. संयुक्त राष्ट्रांनी नोंदवलेले मृत्यू होते ११. ताना बेटावर जमिनीपर्यंत छप्पर टेकवलेल्या पारंपरिक झोपड्यांनी कितीतरी जणांना आसरा दिला.

जीव वाचले, संसार वाचले नाहीत. नुकसान सुमारे ४५ कोटी डॉलर, म्हणजे देशाच्या वार्षिक उत्पन्नाच्या ६४ टक्के. प्रशांत देशांच्या विमा योजनेतून व्हानुआतूला मिळाले १९ लाख डॉलर. हे दोन आकडे शेजारी ठेवा, म्हणजे ‘लोक मोठे कणखर आहेत हो’ या कौतुकाची मर्यादा कळते. त्याच वर्षी एल निनोचा दुष्काळ आला आणि नव्याने लावलेल्या बागा तहानल्या.

‘पाम’नंतर मदतीचा पूर आला. अनेक परदेशी संस्था, प्रत्येकीची वेगळी पाहणी, वेगळी यादी. कोण कुठे काय वाटतंय, याचा मेळ घालताना छोट्याशा प्रशासनाची दमछाक झाली. पाच वर्षांनी, एप्रिल २०२० मध्ये, ‘हॅरॉल्ड’ हे तितकंच भयंकर वादळ आलं. तेव्हा कोविडमुळे सीमा बंद होत्या. सरकारने ठरवलं की सामान येऊ द्या, परदेशी माणसं नकोत. खोकीसुद्धा आधी विलगीकरणात ठेवली. काम केलं गावच्या प्रमुखांनी, चर्चनी, स्थानिक स्वयंसेवकांनी.

हा हट्ट नव्हता. नोव्हेंबर १९१८ मध्ये ऑकलंडहून निघालेलं ‘तालून’ जहाज सामोआच्या आपिया बंदराला लागलं, इन्फ्लुएन्झासह. पश्चिम सामोआची सुमारे एक पंचमांश लोकसंख्या मेली. शेजारच्या अमेरिकन सामोआने बंदर बंद ठेवलं आणि तिथे या साथीने कोणी मेलं नाही. जानेवारी २०२२ मध्ये हुंगा टोंगा ज्वालामुखीच्या स्फोटानंतर टोंगाची समुद्राखालची केबल तुटली, देश जगाशी बोलेनासा झाला, आणि पिण्याचं पाणी गोळा करायच्या छपरांवर राख साचली. मदत हवीच होती. पण ती घेऊन आलेल्या ऑस्ट्रेलियन युद्धनौकेवर कोविडचे रुग्ण निघाले. टोंगाने सामान माणसांच्या संपर्काविना उतरवून घेतलं. हा शहाणपणा शंभर वर्षांच्या आठवणीतून आलेला होता.

श्रोतेहो, यात आपलाही संबंध आहे. भारताच्या पुढाकाराने २०१९ मध्ये आपत्तीत टिकणाऱ्या पायाभूत सुविधांसाठी आंतरराष्ट्रीय आघाडी उभी राहिली आणि २०२१ मध्ये तिने छोट्या बेटांच्या देशांसाठी स्वतंत्र उपक्रम सुरू केला. म्हणजे उद्याच्या मदतीत आपलाही पैसा असणार. तो धक्क्यांना, रुग्णालयांना, केबलला जरूर जावा. ते बेटवासीयांना एकट्याने झेपणारं नाही. पण प्रत्येक योजनेला आधी विचारायला हवं की आम्ही पोहोचेपर्यंतच्या आठवड्यासाठी यातून काय उभं राहतं? रोपांची नवी रोपवाटिका की फक्त डबाबंद मासळी? गावची समिती की आमच्या कार्यालयाची नवी शाखा? ज्या मदतीमुळे बेट पुढच्या वेळी आणखी जास्त वाट पाहायला शिकतं, ती मदत कितीही सद्‍भावनेची असो, तोट्याचीच. दात्याला हे ऐकणं जड जाईल. बेटावरच्या माणसाने ते आधीच जाणलं आहे, आणि म्हणून सरकार, शाळा आणि चर्च यांच्या जोडीला तो अजूनही खड्ड्यात नीरफणस पुरतो.