नांगराचं तास, शाळेचा तास



सूत्रसंचालन करणाऱ्या मुलीने माझी ओळख 'यशस्वी उद्योजक' अशी करून दिली. तिने ती मनापासून करून दिली, मी तिचा ऋणी आहे. पण या दोन शब्दांच्या पुढे काय असतं, ते कळायला मला पन्नाशी गाठावी लागली. आज तेवढंच बोलणार आहे.

माझ्या मागे कर्मवीर अण्णांचा, म्हणजे भाऊराव पाटलांचा, फोटो आहे. आपल्या रयत शिक्षण संस्थेच्या प्रत्येक शाळेत तो असतो. मीही सहा वर्षं रोज त्याला नमस्कार केला. पण हा माणूस एके काळी नांगर विकायचा, हे माझ्या ध्यानात आलं ते मी स्वतः धंद्यात पडल्यावर.

किर्लोस्करांचे लोखंडी नांगर तेव्हा नवे होते. लोखंड जमिनीत गेलं की जमीन नासते, असं शेतकरी म्हणायचे. अशा माणसाला दुकानात बसून नांगर विकता येत नाही. त्याच्या बांधावर जावं लागतं, बैल जुंपावे लागतात, तास पाडून माती किती खोल उलटली ते दाखवावं लागतं. भाऊराव पाटील हे काम उत्तम करायचे. गावोगाव फिरायचे, माणसं जोडायचे. ओगल्यांच्या काच कारखान्यासाठीही त्यांनी असंच काम केलं. मी स्वतः माल विकलाय, म्हणून सांगतो, गिऱ्हाइकाच्या दारात ज्याच्या शब्दाला वजन येतं त्याला पुढे पैशाची ददात पडत नाही. अण्णांना त्या वाटेने सुखात जाता आलं असतं.

पण नांगर घेऊन ज्या बांधावर ते जात, त्याच बांधावर त्यांना शाळेचं तोंड न पाहिलेली पोरं दिसत. गुरांमागे, औतामागे. अण्णांचं स्वतःचं शालेय शिक्षण अर्धवट राहिलेलं. फिरतीवर असलेल्या दुसऱ्या कुणालाही ती पोरं दिसतच असणार. अण्णांना ती विसरता येईनात. ४ ऑक्टोबर १९१९ रोजी कराड तालुक्यातल्या काले गावी त्यांनी रयत शिक्षण संस्था काढली. पुढे १९२४ मध्ये साताऱ्यात वसतिगृह उभं राहिलं. तिथे सगळ्या जातींची मुलं एकत्र राहायची, एका पंगतीत जेवायची, स्वतःची कामं स्वतः करायची. १९२७ मध्ये गांधीजींच्या हस्ते त्याला छत्रपती शाहू महाराजांचं नाव दिलं गेलं. कोठीत धान्य संपलं तेव्हा अण्णांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी अंगावरचे दागिने दिले आणि शेवटी मंगळसूत्रही दिलं. तुमच्यापैकी ज्या मुली आज पहिल्या रांगेत बसल्या आहेत त्यांनी त्या माउलीचं नाव विसरू नये. अण्णांच्या फोटोशेजारी तिचाही फोटो लावावा, अशी माझी मुख्याध्यापक सरांना विनंती आहे.

आता माझं सांगतो. आठ वर्षांपूर्वी माझ्या कारखान्यावरचं बँकेचं शेवटचं कर्ज फिटलं. नवी शेड झाली, सीएनसी मशीन आलं, घर झालं. घरात पेढे वाटले आणि त्या रात्री मला झोप लागली नाही. उद्या उठून काय करायचं, याचं उत्तर 'आणखी एक मशीन' एवढंच होतं.

त्याच महिन्यात एका कंपनीने आमचा १२० बुशचा लॉट परत पाठवला. बोअर, म्हणजे आतलं भोक, मोठं झालं होतं. ड्रॉइंगवर ३२.०५ होतं आणि आमच्या पोराने लेथवर ३२.५ काढलं होतं. जवळजवळ अर्ध्या मिलिमीटरचा फरक. शाफ्ट त्यात खुळखुळत होता. मी संतापलो. नुकसान पगारातून कापायचं असं मनात धरूनच त्याला केबिनमध्ये बोलावलं. ड्रॉइंग पुढे ठेवलं आणि म्हटलं, वाच. त्याने बोट ठेवून वाचलं, "बत्तीस पॉइंट पाच." मी म्हटलं, आणि मधलं शून्य? तो गप्प. मग म्हणाला, "मालक, शून्याला किंमत नसते ना?"

हा मुलगा दहावी पास होता. दशांश चिन्हानंतर शून्याची जागा काय करते, ते त्याच्या कानावरून गेलं असेल, पण त्याच्याजवळ बसून कुणी समजावलं नव्हतं. मी विचारलं, अडलं तर विचारायचं नाहीस का? तो म्हणाला, "विचारलं असतं तर काम सुटलं असतं."

माझ्या शेडमध्ये, माझ्या पगारावर, एक पोरगं दोन वर्षं ही भीती घेऊन मशीनवर उभं होतं आणि मी बाहेर सत्कार घेत होतो. पगार कापला नाही. शनिवारी चार वाजता मशीन बंद करून शेडच्या शटरवर खडूने एक मोठी व्हर्निअर काढली आणि शिकवायला सुरुवात केली. तो एकटाच असेल असं वाटलं होतं. सात जण थांबले. पॅकिंगमधल्या दोन ताईही थांबल्या. त्यातल्या एकीने विचारलं, "दादा, आम्हाला जमेल का हो?" गेल्या वर्षीपासून त्या ताई तपासणीच्या टेबलावर बसतात आणि त्यांच्या सहीशिवाय एकही जॉब गेटबाहेर पडत नाही.

मित्रांनो, पैशाला नावं ठेवणारं भाषण मी करणार नाही. माझ्याकडे पैसा नसता तर त्या शनिवारी मशीन बंद ठेवणं मला परवडलं नसतं. धंदा करा, जोरात करा, चार घरांच्या चुली त्यावर पेटू द्या. पण फिरताना एखादी गोष्ट डोळ्यांत खुपते आणि घरी आल्यावरही खुपतच राहते. माणसं म्हणतात, दुर्लक्ष कर. मीही कित्येक वर्षं केलं. ती वर्षं मला परत मिळणार नाहीत, याचं मला आजही वाईट वाटतं.

तो ३२.५ वाला मुलगा आज इथे, मागे दाराजवळ उभा आहे. आता शनिवारचा तास तोच घेतो, मी बाकावर बसतो. मापं, ड्रॉइंग, साधं गणित, कुठेही अडलेल्या कुणीही यावं, फी नाही. दहावीनंतर आयटीआयला जाणाऱ्यांनी तर नक्की यावं. चार वाजता शटर अर्धं खाली असतं, वाकून आत या. येताना वही आणा.