सेतूबालचा व्हितोरिया



मालेच्या चालकांनी आम्हांला बोलावले तेव्हा आम्ही कामगार कायद्यांवर बोलू अशी त्यांची समजूत होती. पोर्तुगालमधल्या एका फुटबॉल क्लबावर बोलणार, असे आम्ही सांगताच चिटणिसांनी एकवार आमच्याकडे आणि एकवार अध्यक्षांकडे पाहिले. त्यांचा दोष नाही. आम्ही सातवीतून शाळा सोडलेली माणसे. पोर्तुगीज आम्हांला येत नाही, त्या देशात आमचे पाऊल पडलेले नाही आणि फुटबॉल आम्ही खेळलो तो गोदीच्या भिंतीशी, अनवाणी. पण गोदीत आमच्याबरोबर वीस वर्षे काढलेला एक सहकारी सासष्टीचा. त्याचा भाचा गोव्याहून पोर्तुगालला गेला आणि सेतूबाल नावाच्या गावाजवळ मोटारींच्या कारखान्यात लागला. त्याच्या तोंडून या क्लबाचे नाव प्रथम ऐकले, मग वाचनालयात आणि पोरांच्या मदतीने संगणकावर जे मिळेल ते वाचत गेलो. वाचता वाचता ध्यानात आले की आपण फुटबॉलविषयी वाचतच नाही आहोत. आपण वर्गणीविषयी वाचत आहोत, आणि वर्गणी हा तर आमचा जन्माचा विषय.

सेतूबाल हे लिस्बनच्या दक्षिणेला, सादो नदीच्या मुखाशी वसलेले बंदर. गावाचा जीव मासळीवर, त्यातही तारली जातीच्या सार्डिन मासळीवर. मागल्या शतकाच्या आरंभी मासळी डब्यांत भरण्याच्या धंद्याचे हे पोर्तुगालातले मोठे केंद्र होते. डबे भरण्याचे काम बहुतेक बायकांचे. होड्या बंदराला लागल्या की कारखान्याचा भोंगा व्हायचा, आणि भोंगा झाला की मध्यरात्र असो वा पहाट, बायकांनी उठून कामाला धावायचे. मासळी आली तर काम, नाही आली तर घरी बसा. प्रत्येक कारखान्याचा भोंगा निराळा आणि कामाला असलेल्या बाईला आपला भोंगा बरोबर ओळखू येई. गिरणगावात ज्यांचे बालपण गेले त्यांना हे समजावून सांगायला नको.

१९१० च्या ५ ऑक्टोबरला पोर्तुगालात राजेशाही गेली आणि प्रजासत्ताक आले. त्यानंतर दीड महिन्याने, २० नोव्हेंबरला, सेतूबालच्या काही तरुणांनी हा क्लब काढला. नाव ठेवले व्हितोरिया, म्हणजे विजय. अंगरख्याचे रंग हिरवा आणि पांढरा. नव्या राज्याने डिसेंबरात संपाचा हक्क कायद्यात लिहिला. मार्च १९११ मध्ये डबे भरणाऱ्या कामगारांनी तो हक्क वापरून पाहिला, तेव्हा १३ तारखेला प्रजासत्ताकाच्या शिपायांनी सेतूबालच्या रस्त्यावर गोळी झाडली. मारियाना तोरेस ही कामगार बाई आणि आंतोनियो मेंदेस हा तरुण ठार झाले. क्लब तेव्हा चार महिन्यांचाही झाला नव्हता. या दोन गोष्टींचा एकमेकींशी थेट संबंध होता असे आमचे म्हणणे नाही, तसा पुरावा आमच्याजवळ नाही. पण ज्या गावात हा क्लब वाढला ते गाव कसले होते, हे श्रोत्यांनी मनाशी धरून ठेवावे.

आता वर्गणीचे सांगतो. पोर्तुगालातला क्लब हा मुळात कोणा शेटजीच्या मालकीचा नसतो. तो सभासदांचा असतो. सभासदाला तिकडे सोसिओ म्हणतात. सोसिओ दरमहा वर्गणी भरतो, त्याला क्रमांक पडलेले कार्ड मिळते आणि क्लबाचा अध्यक्ष तो मत देऊन निवडतो. क्रमांक लागतात ते दाखल झाल्याच्या ओळीने. जुनी माणसे जातात, अधूनमधून नव्याने क्रमांक लावतात आणि मागचे पुढे सरकतात. सासष्टीच्या आमच्या मित्राने हे सांगितले तेव्हा आम्ही त्याला म्हणालो, अरे, ही तर युनियन झाली! तो हसला आणि म्हणाला, फरक इतकाच की युनियनची सभा रविवारी ठेवली तर कोणी येत नाही.

राज्य मात्र बदलले. १९२६ साली लष्कराने बंड केले. पुढे सालाझारची हुकूमशाही आली, ती त्याच्या माघारी १९७४ पर्यंत टिकली. गोव्यातल्या सत्याग्रहींच्या पाठीवर ज्या राज्याची लाठी बसली, तेच हे राज्य. १९३३ च्या कायद्याने त्याने स्वतंत्र कामगार संघटना मोडल्या, त्यांच्या जागी सरकारी ठशाच्या संघटना उभ्या केल्या, आणि संप म्हणजे गुन्हा ठरवला. अशा देशात माणसांनी एकत्र जमून वर्गणी भरावी, मोठ्याने ओरडावे आणि शिपायांनी नुसते पाहत उभे राहावे, अशा जागा थोड्या उरतात. फुटबॉलचे मैदान ही त्यांतली एक. ‘लोकांना खेळ द्या म्हणजे ते पोटाचे विसरतील’ असे राज्यकर्त्यांचे गणित असते, असे शहाणे लोक म्हणतात. असेल. पण मैदानात बसलेल्या माणसाचे गणित तेच असते असे मात्र नाही.

खेळाची हकीगत थोडक्यात सांगतो. व्हितोरियाने लिस्बन विभागाची स्पर्धा १९२४ आणि १९२७ मध्ये जिंकली, म्हणजे राजधानीच्या बड्या क्लबांना त्यांच्याच अंगणात हरवले. १९३४ मध्ये देशाची पहिली साखळी स्पर्धा सुरू झाली तेव्हा निवडलेल्या आठ संघांत ते होते. त्या साखळीचे विजेतेपद आजवर तीन धनाढ्य क्लबांनीच वाटून घेतले आहे : लिस्बनचे बेनफिका आणि स्पोर्टिंग, आणि पोर्तो शहरातला पोर्तो. त्यांच्याबाहेरच्या कोणी ते मिळवले असे फक्त दोनदा घडले, १९४६ मध्ये बेलेनेन्सेसने आणि २००१ मध्ये बोआविश्ताने, आणि हेही त्याच दोन शहरांतले. बाहेरगावच्या क्लबाला साखळी मिळत नाही. वर्षभर टिकायला मोठा खजिना लागतो. त्याने आशा ठेवायची ती पोर्तुगाल करंडकाची, कारण तिथे एक सामना, एक दिवस, आणि चेंडूला कोणाचा पगार ठाऊक नसतो.

१९६२ च्या सप्टेंबरात बोंफिं या ठिकाणी त्यांचे नवे मैदान उघडले. पुढची बारा वर्षे हा या क्लबाचा सुवर्णकाळ. १९६५ पासून १९६८ पर्यंत लागोपाठ चार वर्षे हे मासळीचे गाव करंडकाच्या अंतिम सामन्यात उतरले. १९६५ च्या जुलैत समोर बेनफिका. हा संघ १९६१ आणि १९६२ मध्ये युरोपचा विजेता होता, आणि त्याच्यात युसेबियो खेळत होता, जो पुढल्याच वर्षी जागतिक स्पर्धेत सर्वांत जास्त गोल करणार होता. व्हितोरियाने त्यांना ३-१ असे हरवले. १९६७ मध्ये कोइंब्राच्या विद्यार्थ्यांच्या संघाला जादा वेळेत ३-२ हरवून करंडक पुन्हा आणला.

त्या १९६५ च्या संघात जाइमे ग्रासा नावाचा सेतूबालचाच मुलगा होता. त्याच्यापाशी आम्ही जरा थांबणार आहोत, कारण या साऱ्या वाचनात आम्हांला सर्वांत आवडलेला माणूस हाच. तो वीजतंत्री होता. हातात कसब होते आणि पायात चेंडू. १९६६ मध्ये तो देशाकडून जागतिक स्पर्धेत खेळला, पोर्तुगालने तिसरा क्रमांक मिळवला आणि बेनफिकाने त्याला आपल्याकडे नेले. गावाचे चांगले पोर मोठ्या शहराने उचलावे, ही रीत तिकडेही आहे. त्याच वर्षी डिसेंबरात बेनफिकाचे खेळाडू अंग शेकण्याच्या पाण्याच्या टाकीत बसले असता यंत्रात बिघाड होऊन पाण्यात वीज उतरली. लुसियानो नावाचा खेळाडू जागीच गेला. आत युसेबियोही होता. जाइमे ग्रासा कसाबसा बाहेर पडला आणि धावत जाऊन त्याने विजेचा प्रवाह तोडला. बाकीचे वाचले. त्या टाकीपाशी देशातले नामांकित पाय जमले होते. उपयोगी पडले ते बटण कुठे असते हे जाणणारे हात. आमच्या युनियनच्या वर्गात तरुण पोरांना आम्ही ही गोष्ट सांगतो. गोल कोणी किती केले ते ती विसरतात, पण ही गोष्ट विसरत नाहीत.

अंगोलातल्या लुआंडाहून आलेला जासिंतो जुआंव हा डाव्या बाजूचा खेळाडू सेतूबालकरांचा लाडका. गोलरक्षक फेलिक्स मोरिन्यो, ज्याचा सेतूबालला १९६३ मध्ये जन्मलेला मुलगा जोझे आज फुटबॉलचा शिक्षक म्हणून जगभर गाजतो आहे. या काळात व्हितोरियाने युरोपच्या स्पर्धांत १९६९ मध्ये लिव्हरपूलला बाहेर काढले, पुढे मिलानच्या इंटरला, आणि १९७३ च्या डिसेंबरात इंग्लंडच्या लीड्सला बोंफिंवर ३-१ हरवले. १९७१-७२ च्या साखळीत ते दुसरे आले. त्याहून वर ते कधी गेले नाहीत.

टाळ्यांच्या आवाजात एक गोष्ट ऐकू येत नसे, ती खेळाडूंच्या कराराची. करार संपला तरी क्लबाच्या मर्जीवाचून खेळाडूला दुसरीकडे जाता येत नसे. हे वेठीचेच एक रूप, अंगावर झकपक कपडे असले म्हणून वेठ बदलत नाही. १९७२ मध्ये, हुकूमशाही उभी असतानाच, पोर्तुगालच्या खेळाडूंनी आपली संघटना काढली. नामांकित खेळाडू पुढे झाले म्हणून ती निभावली. नाव नसलेल्यांना नाव असलेल्यांची ओट लागते, हा अनुभव आम्हांलाही आहे. दोन वर्षांनी, २५ एप्रिल १९७४ रोजी, हुकूमशाही कोसळली.

स्वातंत्र्य आले, पण मासळी गेली. डब्यांचे कारखाने एकामागून एक बंद पडत होते. त्यांतल्या एकात आज कामगारांच्या जीवनाचे संग्रहालय आहे. म्हणजे भोंगा गेला आणि त्याची आठवण काचेत ठेवली. गावाने जहाजबांधणीच्या मोठ्या गोदीवर भरवसा टाकला होता. १९८० नंतर जगभर जहाजांचा धंदा बसला, सरकारने १९८३ मध्ये नाणेनिधीकडून कर्ज घेतले आणि सेतूबालच्या कामगारांचे पगार थकू लागले. कारखाना चालू, हजेरी चालू, पगार नाही. तिथले बिशप मानुएल मार्तिन्स यांनी उघड सांगितले की माझ्या गावात लोक उपाशी आहेत. लगेच त्यांना लाल बिशप म्हणण्यात आले.

हे वाचताना आमच्या डोळ्यांपुढे दुसरेच काही येत होते. १९८२ च्या संपात आमचे वडील गिरणीबाहेर होते. आम्ही तेव्हा अकरा-बारा वर्षांचे. घरातली भांडी एकेक करून जात होती. आई म्हणाली, व्यायामशाळेची वर्गणी या महिन्यापासून बंद करा. वडिलांनी उत्तर दिले नाही. महिनाअखेर त्यांनी दोन रुपये भरले आणि पावती आणून देव्हाऱ्यात ठेवली. आईने तीन दिवस अबोला धरला. तिचे चुकले होते असे आम्हांला आजही वाटत नाही.

म्हणून सेतूबालच्या पगार थकलेल्या सोसिओविषयी कोणी ‘पोटाला नाही आणि फुटबॉल कसला पाहतो’ असे म्हटले, तर आम्हांला त्यावर पटकन बोलता येत नाही.

पुढची हकीगत कर्जाची आहे. खेळाडूंचे भाव वाढले, दूरदर्शनचा पैसा बड्या तिघांकडे वाहिला. १९९७ च्या कायद्याने क्लबांना आपल्या संघासाठी भागभांडवलाची कंपनी काढण्याची वाट मोकळी झाली. म्हणजे सभासदांचा क्लब एका बाजूला, आणि संघ चालवणारी, कर्ज काढणारी कंपनी दुसऱ्या बाजूला. वर्गणीचे पुस्तक सभासदाच्या हातात राहिले, पण कर्जाची वही त्याला कोण दाखवणार?

तरी खेळ होत राहिला. मे २००५ मध्ये करंडकाच्या अंतिम सामन्यात पुन्हा बेनफिका, नुकतेच साखळी जिंकलेले. आरंभीच त्यांनी गोल केला. व्हितोरियाने २-१ असा सामना फिरवला, अडतीस वर्षांनी करंडक गावात आला. त्याच वर्षाच्या पुढल्या हंगामात खेळाडूंचे पगार थकले, कित्येक सोडून गेले. उरले त्यांनी संघ पुन्हा अंतिम सामन्यात नेला आणि ते पोर्तोकडून एका गोलाने हरले. आम्हांला विचाराल तर या क्लबाची सर्वांत मोठी कामगिरी ही हरलेली. २००७ मध्ये लीग करंडक नावाची नवी स्पर्धा निघाली, तिचे पहिले मानकरी हेच.

२०२० च्या जुलैत साथीमुळे रिकाम्या पडलेल्या मैदानावर शेवटच्या दिवशी सामना जिंकून त्यांनी वरच्या वर्गातली जागा राखली. आणि काही दिवसांतच लीगने हिशेब तपासून परवाना नाकारला. पायांनी राखले ते कागदाने गेले. एकदम तिसऱ्या पायरीवर. २०२४ मध्ये मैदानावर बढती मिळवली, तर पुन्हा देणी आडवी आली. या वेळी पार खाली, जिल्ह्याच्या स्पर्धेच्या शेवटच्या वर्गात. लिव्हरपूलला घरी पाठवणारा क्लब आता शेजारच्या खेड्यांतल्या संघांशी खेळू लागला.

यात दोष कोणाचा? कर्ज काढणाऱ्यांचा, हे उघड आहे. पण आम्ही संघटनेची माणसे, आम्हांला इथेच थांबता येत नाही. सभासदांनी दर निवडणुकीत मत दिले होते. करंडक आणतो म्हणणारा त्यांना हवा होता, हिशेब दाखवतो म्हणणारा नको होता. आमच्या युनियनमध्येही आम्ही दोनदा असेच हरलो आहोत आणि एकदा, खरे सांगायचे तर, असेच जिंकलोही आहोत.

गेल्या दिवाळीत सासष्टीच्या मित्राचा भाचा सुटीवर आला होता. आम्ही मुद्दाम भेटलो. क्लब जिल्ह्यात गेला त्या वर्षी सभासदत्व सोडलेस काय, असे विचारले. त्याने पाकिटातून हिरवे-पांढरे कार्ड काढून दाखवले. म्हणाला, उलट त्या वर्षी पहिल्यांदाच काढले. कारखान्यात त्याच्या शेजारच्या यंत्रावरचा म्हातारा रोज विचारी, इथे राहतोस आणि कार्ड नाही? क्रमांक बराच मोठा होता, पाच आकडी. त्याने बोटाने तो झाकला आणि म्हणाला, सरकेल पुढे.

चिटणिसांनी घड्याळाकडे बोट दाखवले आहे. कोणाला काही विचारायचे असेल तर आम्ही खाली सतरंजीवर बसलो आहोत.